तीनचा नंबर पाच

जगदेव तारवाल्यानं आपली सायकल दाताच्या दुकानाच्या फळीला टेकवली आणि नेहमीसारखी हाक न देता तो आत आला, तेव्हाच बेबीताईला काहीतरी वावगं वाटलं. तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढं वाशिममध्ये सगळ्यांनाच ठाऊक. पण जगदेवच्या तोंडावर दुःखाची बातमी आणणाऱ्याचा भाव नव्हता. तो भ्यालेला होता.

"डाक्टर कुठी हायेत?"

"आत. प्लास्टर कालवून राह्यले. काहून?"

"सही पाह्यजे." त्यानं पाकीट पुढं केलं आणि आवाज खाली आणला. "ताई, हे तार घेता घेता तारबाबूच्या हाताले घाम सुटला. निरे आकडेच हायेत. एक नक्कल ठान्यात गेली. मी सांगतलं म्हनून कोनाले बोलजो नोको."

सही घेऊन तो उभ्या उभ्या निघून गेला. एरवी पाणी पिऊन, चार गोष्टी करून जाणारा माणूस. त्यानं वळून पाहिलंसुद्धा नाही.

बेबीताईचा नवरा वेन हा चिनी होता. वाशिमात त्याला सगळे वेन डॉक्टर म्हणत. तो दात काढायचा, दात बसवायचा, आणि त्याच्या हातची कवळी घालून माणूस ऊस खाऊ शकतो असं बाजारात बोललं जाई. त्याचा बाप कलकत्त्याहून हा धंदा घेऊन इकडं आला आणि इथंच वारला. वेनचा जन्म कलकत्त्याचा, पण बोलणं पुरतं वऱ्हाडी झालेलं. बासष्ट साली चीनशी लढाई झाली आणि एका सकाळी पोलीस त्याला, त्याच्या आईला आणि फू नावाच्या धाकट्या भावाला घेऊन गेले. राजस्थानातल्या छावणीत ठेवलं. पुढं आईला आणि फूला जहाजानं चीनला पाठवलं. वेन तेव्हा तापानं छावणीच्या दवाखान्यात बेशुद्ध पडलेला, म्हणून राहिला. सुटल्यावर तो वाशिमलाच परत आला, कारण दुसरीकडं कुठं जायचं हे त्याला सुचलं नाही. दुकानाचं कुलूप तसंच होतं. आतलं सामान कुणी नेलं नव्हतं.

बेबीताई शेजारच्या सरकारी दवाखान्यात आया होती. तिचं माहेर आसेगावचं. वेनशी लग्न करते म्हणाली तेव्हा भावकीत गोंधळ झाला, पण तिचे वडील देवमन शांतपणे म्हणाले, "आपुन दीक्षेचे बौद्ध, थो जन्माचा. मले काई खोट दिसत नाई." तेवढ्यावर लग्न लागलं. सासूला तिनं कधी पाहिलं नव्हतं. फोटोही नव्हता. आईचं काय झालं हे वेनलाही ठाऊक नव्हतं, कारण चीनहून पत्र येत नव्हतं आणि इथून लिहायची त्याची छाती होत नव्हती.

आता आणीबाणी लागलेली. वाशिममधली चांगली चांगली माणसं उचलून नेलेली. वेनला तर आधीपासूनच ठाण्यात हजेरी लावावी लागे, आणि शिरपूरच्या यात्रेत कवळ्यांचं दुकान लावायचं तरी आधी परवानगी काढावी लागे.

वेन हात पुसत बाहेर आला. तिनं तार त्याच्या हाती दिली. वर इंग्रजीत त्याचं नाव, गावाचं नाव, हाँगकाँगचा एक पत्ता. खाली चार चार आकड्यांचे गट, एकामागं एक, दोन ओळी. शेवटी पुन्हा इंग्रजीत दोनच अक्षरं. फू.

वेन स्टुलावर बसला. ज्या स्टुलावर गिऱ्हाईक बसतं त्यावर. त्याचा चेहरा इतका पांढरा झाला की बेबीताईनं आधी दार ओढून घेतलं आणि मग विचारलं, "हे काय हाय?"

"आमची भाषा हाय." तो हळू बोलू लागला. "आमच्यात हजारो अक्षरं. तारेच्या यंत्रात थे जात नाईत. म्हनून एकेका अक्षराले चार आकड्याचा नंबर देल्ला हाय. जाडं पुस्तक असते. धाडनारा पुस्तकात पाहून नंबर लिवते, घेनारा पुस्तकात पाहून अक्षर काढते."

"मंग पुस्तक कुठी हाय?"

"जाळलं. पोलीस येतीन म्हनून मायनं चुलीत घातलं. बासष्टात."

इतक्या वर्षांनी भावाची तार आली आणि ती वाचायची कशी हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

वेननं बोट फिरवत फिरवत एका जागी थांबवलं. "हे येते मले. आकड्याचे नंबर बापानं पाठ करून घेतले होते, कलकत्त्याहून मालाच्या तारा येत म्हनून. एक ते दहा." शून्य शून्य शून्य तीन, यावर त्यानं बोट ठेवलं. "हे सात." पुढच्या गटावर ठेवलं, शून्य पाच सात सात. "हे दहा." मग शून्य शून्य शून्य पाच. "अन् हे तीन. सात दहा तीन. म्हंजे त्र्याहत्तर."

"त्र्याहत्तर काय?"

त्यानं तार गुडघ्यावर सपाट केली. मग म्हणाला, "माय या साली त्र्याहत्तरची."

"म्हंजे जिती हाय?"

"मानूस मेलं तरी आमच्यात वय लिवतेत, बेबी. इतकी वर्षं जगलं म्हनून."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थरथरत होता. तिला वाटलं, दुःखानं. पण तो दाराकडं पाहत होता.

दुपार कलायच्या आत हवालदार मोहनसिंग आला. त्याच्यासोबत दोन शिपाई होते. मोहनसिंगच्या तोंडातली वरची कवळी वेनच्याच हातची. दर दिवाळीला तो तिला पॉलिश करून घ्यायचा आणि वेनच्या हातचा चहा प्यायचा. आज त्यानं बेबीताईकडं पाहायचं टाळलं.

"डाक्टर, चाला. सायबानं बलावलं."

"काहून?" बेबीताईनं विचारलं. तिलाच तिचा आवाज परका वाटला.

"थे मले काय माईत, ताई. तार संगं घ्या."

बेबीताई त्यांच्या मागं मागं ठाण्यापर्यंत गेली. बाजारातून जाताना दुकानदार गल्ल्यावर वाकले. ओळखीच्या दोन बायका समोरून येत होत्या, त्या कापडाच्या दुकानात शिरल्या. कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. बासष्ट सालीही अस्संच झालं होतं, असं वेननं तिला एकदा सांगितलं होतं.

फौजदार नवा होता, पुण्याकडचा. मारझोडीचा नव्हता, स्वच्छ कपड्यांचा, शांत आवाजाचा. त्यानं बेबीताईलाही आत बोलावलं. टेबलावर तारेची नक्कल होती.

"वाचा," तो वेनला म्हणाला.

वेननं पुस्तकाचं सांगितलं, जाळल्याचं सांगितलं, मधले तीन गट वाचून दाखवले.

फौजदारानं पेन्सिल घेतली. "म्हणजे इथं शून्य शून्य शून्य तीन लिहिलंय, ते सात."

"हो साहेब."

"आणि शून्य शून्य शून्य पाच, ते तीन."

"हो."

"तीन लिहायचं तर माणूस सरळ तीन लिहील. तारेत तीनचा आकडा जातोच. तीनचा नंबर पाच कशाला?"

"साहेब, आमचा तीन आकडा नाई, अक्षर हाय. पुस्तकात थे पाचव्या जागी येते. म्हनून पाच." त्यानं नकलेवर बोट ठेवलं. "सात तिसऱ्या जागी येते."

बेबीताईला ते वेनच्या तोंडून घरी ऐकताना साधं वाटलं होतं. आता, फौजदाराच्या टेबलासमोर, तिलाच ते लबाडीसारखं ऐकू आलं. सात म्हणजे तीन, तीन म्हणजे पाच. कोण विश्वास ठेवील?

"पुस्तक तुमच्याजवळ नाही, हे तुमच्या भावाला ठाऊक नाही?"

"नसंल."

"की पुस्तक आहे आणि तुम्ही दाखवत नाही?" फौजदारानं पेन्सिल खाली ठेवली. "त्र्याहत्तर काय आहेत, वेन? माणसं? पेट्या? मला अकोल्याला आज रिपोर्ट पाठवायचा आहे. त्यात मी काय लिहू?"

वेननं मान खाली घातली. आईचं वय, असं तो म्हणाला, पण इतक्या हळू की फौजदारानं पुन्हा विचारलं, आणि त्याला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

त्याला आत ठेवलं. घराची झडती झाली. प्लास्टरचे साचे फोडून पाहिले, दातांच्या डब्या जमिनीवर ओतल्या. निघताना एका शिपायाच्या बुटाखाली दात करकरत गेले.

बेबीताई रात्रभर दाराला पाठ लावून बसली. आसेगावला निरोप धाडावा असं मनात आलं, पण बाप म्हातारा, आणि आलेल्यालाही आत घातलं तर? राजस्थान कुठं आहे हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. छावणीबद्दल वेन फारसं बोलत नसे. एवढंच म्हणे, की तिथं झाड नव्हतं.

उजाडल्यावर तिला एक नाव आठवलं. अकोल्यात बूट शिवणारा चेन. तो आणि त्याची बायको त्याच छावणीत होते. त्याच्याजवळ पुस्तक असेल कदाचित. ती सरळ ठाण्यात गेली आणि फौजदारासमोर उभी राहिली.

"सायेब, वाचनारा मानूस अकोल्याले हाय. तार द्या, वाचून आनतो."

"तुम्ही काय आणाल, त्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

"मंग तुमचा मानूस द्या संगं."

फौजदारानं तारेची नक्कल उचलली. मग त्यानं मोहनसिंगला हाक मारली.

जवळच्या मालेगावावरून एसटी अकोल्याच्या रस्त्याला लागली. मोहनसिंग साध्या कपड्यात, तारेची नक्कल खिशात. दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली होती. मेडशीला गाडी थांबली तेव्हा तो चहाचा कप घेऊन तिच्या खिडकीशी आला.

"ताई, मले वाईट वाटून राह्यलं. पन मायी नौकरी हाय."

"माईत हाय, भाऊ."

"त्यानं सांगतलं थे खरं हाय का? तीनचा पाच?"

"त्यायनं माह्याशी आजवर खोटं बोललं नाई." एवढंच ती म्हणाली. चहाचा कप तिनं घेतला. गाडी घाटाला लागली. चेननं नाही म्हटलं तर? किंवा वाचलं आणि त्यात खरंच काही भलतंच निघालं तर? फू तिचा दीर, पण तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. चीनमध्ये इतकी वर्षं राहून माणूस काय झाला असेल, कोण सांगणार? हा विचार तिला पहिल्यांदाच आला आणि त्याचीच तिला लाज वाटली.

चेनचं दुकान अरुंद होतं, चामड्याच्या वासानं भरलेलं. चेन साठीचा, वाळका. बेबीताईनं मोहनसिंगला समोरच्या पानठेल्यावर थांबवलं आणि एकटी आत गेली. तिनं सगळं सांगितलं. चेन ऐकता ऐकता बुटाच्या तळव्याला खिळे ठोकत राहिला.

"किताब नहीं है," तो म्हणाला.

"असंल कुठी तरी. पाहा ना, काका."

"नहीं है. सब जला दिया." त्यानं मान वर केली आणि रस्त्यापलीकडं पाहिलं. "वो आदमी पुलिस है."

बेबीताईला खोटं बोलवेना. "हो."

"जाओ बेटी. जाओ यहाँ से." त्यानं हातोडा खाली ठेवला. तिला राग आला नाही. कालपासून तीही तशीच भ्यालेली होती.

"जातो. पन एक सांगा. माह्या सासूले तुमी पाह्यलं होतं ना छावनीत? तारेत त्र्याहत्तर लिवलं हाय. थे तिचं वय हाय. ती जिती हाय का मेली, एवढंबी आमाले समजून नाई राह्यलं."

आतल्या पडद्यामागून एक म्हातारी बाहेर आली. चेनची बायको. ती चेनशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. चेननं जोरात मान हलवली. ती पुन्हा बोलली, आवाज न चढवता, आणि मग बेबीताईकडं वळून मोडक्या हिंदीत म्हणाली, "तेरी सास मेरे पास सोती थी. ठंड में एक कंबल, दो औरत."

लाकडी साच्यांच्या ढिगाऱ्यामागून तिनं बुटाचा खोका काढला. आत कापडात गुंडाळलेलं पुस्तक होतं, कडा वाळवीनं खाल्लेलं.

चेन खाली बसला. "उसको बुलाओ," तो म्हणाला. "देखना है तो अभी देखे. बाद में फिर नहीं आना."

मोहनसिंग आत आला तेव्हा म्हातारीनं पहिलं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. चौकोनाचौकोनांत अक्षरं आणि प्रत्येकाजवळ बारीक नंबर. शून्य शून्य शून्य एक, तिथं एक आडवी रेघ. तिनं बोट सरकवलं. शून्य शून्य शून्य पाच. तिथं तीन आडव्या रेघा, एकाखाली एक.

मोहनसिंग वाकून पाहत राहिला. त्यानं स्वतःच्या बोटानं रेघा मोजल्या.

"हे तं तीनच हाय," तो म्हणाला. मग बेबीताईकडं पाहून, जणू तिनंच कधी नाही म्हटलं होतं, "ताई, हे खरंच तीन हाय."

"हो, भाऊ."

मग चेन तार वाचायला बसला. एकेक गट, एकेक पान. तो अक्षर शोधून कागदाच्या कपट्यावर उतरवायचा, म्हातारी वाकून पाहायची. एका ठिकाणी आकडा चुकला असावा. तिथं "मासा" असं काहीतरी निघालं, आणि चेननं एक आकडा बदलून पाहिला तेव्हा तिथं डोळा निघाला. बेबीताई त्यांच्या तोंडांकडं पाहत होती. म्हातारीनं पदरासारखी बाही तोंडाशी नेली तेव्हा बेबीताईनं भिंत धरली.

"ज़िंदा है," म्हातारी म्हणाली.

आईला घेऊन हाँगकाँगला पोचलो. त्र्याहत्तर वर्षांची. डोळे गेले. तुझं विचारते. उत्तर दे. तारेत एवढंच होतं.

परत येताना मोहनसिंग तिच्याच बाकावर बसला. पातूर मागं पडलं तेव्हा तो म्हणाला, "पुस्तकाचं सायबाले सांगावं लागंल, ताई. मी काय पाह्यलं असं थे इचारतीन."

"त्या मानसाले तरास होईन."

"मी दुकानाचं नाव नाई सांगत."

पण सांगावं लागलं. फौजदारानं विचारलं, आणि मोहनसिंग हवालदार होता. त्यानं हेही सांगितलं, की मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, साहेब, पाचच्या जागी तीन रेघा आहेत, आणि डॉक्टर खोटं बोललेला नाही. फौजदारानं ते लिहून घेतलं. वेनला आणखी काही दिवस ठेवलं, अकोल्याहून कागद येईपर्यंत. मग सोडलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. हजेरी आठवड्याची होती ती रोजची झाली.

घरी आल्यावर वेननं पहिल्यांदा फुटलेले साचे गोळा केले. बेबीताईनं आईचं सांगितलं तेव्हा तो हुंदका न देता रडला. पण उत्तर द्यायचं म्हटल्यावर तो मागं सरला.

"नोको. आता उत्तर धाडलं तं पुन्हा येतीन थे. तुलेबी नेतीन."

"म्हातारी वाट पाहून राह्यली."

"पाहू दे. जिती हाय, पुष्कळ झालं."

ती त्याच्याशी भांडली नाही. तो काय बघून आला होता हे तिला ठाऊक होतं. बरेच दिवस ती दवाखान्यातून येता जाता तार ऑफिसच्या पायऱ्या पाहायची आणि तशीच घरी यायची.

मग एकदा अकोल्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं सहज सांगितलं, की तिथला चिनी बूटवाला दुकान बंद करून कलकत्त्याला गेला म्हणे. पोलीस आले होते की आपणच घाबरून गेला, हे त्याला माहीत नव्हतं. वेननं कवळीचं माप घेता घेता हात थांबवला, पुन्हा सुरू केला. बेबीताई आत गेली आणि चुलीपाशी बराच वेळ उभी राहिली. ज्या म्हातारीनं खोका उघडला होता तिच्या घराला आता कुलूप होतं, आणि जिच्यासाठी उघडला त्या सासूला अजून एक शब्दही पोचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची साडी अंगावर असतानाच ती तार ऑफिसात गेली. तारबाबूनं तिला ओळखलं. त्याची नजर दाराकडं गेली, बाहेर कुणी आहे का पाहायला.

"आकडे नाई," ती आधीच म्हणाली. "साधी इंग्रजीत लिवा. पत्ता त्या तारेवरचाच. धाडनार मी हाव. माह्यं नाव टाका."

"काय लिहू?"

तिनं सांगितलं. त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, आणि यंत्राजवळ बसला. ठोके सुरू झाले. ती बाकावर बसली आणि शेवटचा ठोका पडेपर्यंत उठली नाही. बाहेर आली तेव्हा मोहनसिंग रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा होता. त्यानं तिला पाहिलं, कुठून आली तेही पाहिलं. मग सायकलवर टांग टाकून ठाण्याच्या उलट्या बाजूला गेला.

घरी वेन पायाचं यंत्र चालवत कुणाची तरी दाढ कोरत होता. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला कळलं. तो दाराशी जाऊन रस्त्यावर दोन्हीकडं पाहून आला. मग दार लावून घेतलं.

"काय धाडलं?"

"तुमी जिते हा म्हनून," ती म्हणाली. "अन् घरात मी हाव म्हनून."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि दोघंही जागच्या जागी उभी राहिली, ती दूर जाईपर्यंत.